उरलेले दोन परिच्छेद

कुठला कॅमेरा चांगला, असं त्यांना कुणी विचारलं की ते उत्तर द्यायचे नाहीत. आधी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायचे आणि मग म्हणायचे, "फोटो कशाचे काढणार?" समोरचा म्हणायचा, सगळ्याचेच. मग पुढचे प्रश्न सुरू व्हायचे. घरात काढणार की बाहेर? घरात ट्यूबलाइट आहे की बल्ब? फोटो अल्बमात लावणार की भिंतीवर? कॅमेरा घरात आणखी कोण वापरणार, आणि त्यांना जवळचं नीट दिसतं का? चौथ्या-पाचव्या प्रश्नाला विचारणारा कंटाळायचा आणि आपल्या भाच्याला विचारून कॅमेरा घेऊन टाकायचा. भाचा एका वाक्यात सांगायचा. त्यानं तो कॅमेरा हातातही धरलेला नसायचा, पण सांगायचा अगदी ठामपणे.

हे मी अकरा वर्षं पाहिलं. नाशिकच्या एका दैनिकात मी रविवारच्या पुरवणीत उपसंपादक होते आणि ते आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी छोट्या कॅमेऱ्यांवर सदर लिहायचे. छोटे म्हणजे खिशात मावणारे. रोल घाला, बटण दाबा, असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर असे कॅमेरे साध्या नोकरदारांच्या घरांत यायला लागले होते. तोवर फोटो म्हणजे फोटोग्राफरनं काढायची गोष्ट होती.

पोटापाण्यासाठी ते सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. यंत्राचे सुटे भाग मोजायचे आणि मापात बसत नसतील ते बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. त्यामुळे असेल, 'साधारण' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. चहात साखर किती विचारलं तर दीड चमचा म्हणायचे आणि चमचा केवढा आहे ते वाकून बघायचे. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना मायक्रॉन म्हणायचे, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी काका म्हणायचे.

ते आमच्याकडे आले तेच भांडणातून. पुरवणीत 'कॅमेरा घेताना' असा एक लेख आम्ही छापला होता. खरं सांगायचं तर कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून उतरवला होता. चौथ्या दिवशी बारीक अक्षरातलं आठ पानी पत्र आलं. त्यात आमच्या चौदा चुका होत्या, क्रमांक घालून. शेवटी एक ओळ होती की, पंधरावी चूक मला वाटते पण मी तो कॅमेरा वापरलेला नाही, म्हणून ती मोजलेली नाही. संपादक हसले. त्यांना राजकारणापासून पावसापर्यंत कशावरही पाच मिनिटांत मत देता यायचं आणि तसं न येणाऱ्या माणसांची त्यांना गंमत वाटायची. म्हणाले, बोलवा या गृहस्थांना, आता यांनीच लिहावं.

काकांची अट एकच होती. कॅमेरा महिनाभर वापरल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहिणार नाही. कॅमेरे मिळायचे मेन रोडवरच्या एका दुकानातून. दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांची आमच्या पानावर जाहिरात असायची आणि कॅमेरा आला की ते डब्यासकट काकांच्या हातात ठेवायचे. जपून वापरा, एवढंही म्हणायचे नाहीत, कारण काका तो कॅमेरा काकूंनी शिवलेल्या मऊ फ्लॅनेलच्या पिशवीत घालून, ती पिशवी शबनममध्ये घालून, शबनम छातीशी धरून सिटी बसनं जायचे. कॅमेरा परत करताना दुकानातल्यांचे आणि आपले असे सगळे बोटांचे ठसे पुसून द्यायचे. कित्येकदा त्यांनी त्याच कॅमेऱ्यावर कडक लिहिलेलं असायचं. शेठ रविवारी सकाळी वाचायचे आणि सोमवारी तो कॅमेरा काउंटरच्या पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत ठेवायचे. दोघांमध्ये यावर कधी बोलणं झालेलं मला माहीत नाही. शनिवारी संध्याकाळी काका दुकानात जायचे, दोघं चहा प्यायचे आणि फिल्मच्या रंगांवर बोलायचे.

तपासायच्या त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. सिडकोतल्या घराच्या गच्चीवरच्या भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवून त्याचा फोटो. कोपऱ्यातली अक्षरं वाचता यायला हवीत. रामकुंडावर भर दुपारी एक. ओल्या पायऱ्या, पांढरे कपडे आणि कडक ऊन एकाच फोटोत. भद्रकालीच्या भाजीबाजारात छपराखालच्या अंधारात एक. हिरव्या रंगासाठी निफाडच्या बाजूला एका ओळखीच्या द्राक्षबागेत. आणि माणसाच्या चेहऱ्यासाठी, काकू.

काकूंच्या हातात पाटी असायची. शाळेतल्या मुलाची असते तशी, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूनं लिहिलेलं, 'कॅमेरा १४, फ्लॅश बंद, सहा फूट'. काकू स्वयंपाकघराच्या दारात पाटी छातीशी धरून उभ्या राहायच्या आणि काका बटण दाबायचे. मग पाटी पुसून 'फ्लॅश चालू', पुन्हा एक. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा त्यांनी मला अल्बम दाखवले, सदराच्या कितीतरी आधी लोकांचे कॅमेरे मागून आणून तपासायचे तेव्हापासूनचे. काकू तरुण होत्या तेव्हापासून केस पांढरे होईपर्यंत, साड्या बदलत गेल्या, चष्मा आला, आणि प्रत्येक फोटोत ती पाटी. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "लग्नानंतरचे माझे सगळे फोटो कैद्यासारखे आहेत बघ." काका गंभीरपणे म्हणाले की पाटी नसेल तर पुढे तुलना करता येत नाही. काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. रागावलेल्या दिसल्या नाहीत, पण त्या वाक्यात नुसती गंमतही नव्हती.

सदर सुरू होऊन तीनेक वर्षं झाली असतील. इगतपुरीहून एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे रेल्वेत गँगमन होते. 'आपला लेख वाचून कॅमेरा घेतला. आपण लिहिले होते की पावसाळी सहलीला चालेल. श्रावणात भिंगाच्या आत वाफ धरली. मुलीच्या शाळेत नाटक होते, ती जिजाऊ झाली होती. सगळे फोटो पांढरे आले. आपली तक्रार नाही, कळावे म्हणून लिहिले.'

काकांनी ते कार्ड माझ्या टेबलापाशी उभं राहून वाचलं, पुन्हा वाचलं आणि खिशात ठेवलं. मग विचारलं की इगतपुरीला रविवारी सकाळची गाडी कितीला असते. मला वाटलं, यातून पुरवणीला काहीतरी मजकूर मिळेल, म्हणून मीही बरोबर गेले.

इगतपुरीत पाऊस असा पडत होता की स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोरचं दिसत नव्हतं. रेल्वेच्या चाळीत घर होतं. भिंतींना ओल, दोरीवर न वाळलेले कपडे. त्या गृहस्थांना आम्ही पेपरातून आलोय म्हटल्यावर धडकीच भरली. पुन्हा पुन्हा म्हणत होते की आमची काय तक्रार नाय साहेब, उगीच लिहिलं. काकांनी कॅमेरा मागितला, खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं. मग म्हणाले की चूक माझी आहे. मी हा नाशिकच्या पावसात तपासला. इथला पाऊस वेगळा आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"पण कॅमेरा कंपनीचा, साहेब," ते गृहस्थ म्हणाले. "त्यात तुमची काय चूक?"

"कंपनीनं तुम्हाला काही सांगितलं नव्हतं," काका म्हणाले. "मी सांगितलं होतं."

आणि त्यांनी शबनममधून स्वतःचा कॅमेरा काढला. जुना, जड, घट्ट झाकणाचा, त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला एकमेव. तो टेबलावर ठेवला आणि वाफ धरलेला आपल्या पिशवीत घातला. घरातल्या बाई नको नको म्हणत राहिल्या. मुलगी, आठवी-नववीतली असेल, दारात उभी होती. काकांनी तिला विचारलं की जिजाऊची साडी आहे का घरात. होती. मग तिला साडी नेसून यायला सांगितलं. पावसामुळे बाहेर जाता येईना, म्हणून चाळीच्या व्हरांड्यात, अर्ध्या उजेडात, त्यांनी तिला तिची वाक्यं म्हणायला लावली आणि ती म्हणत असताना अख्खा रोल संपवला. शेजारची माणसं बघायला जमली. मुलगी आधी लाजत होती. नंतर तिचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत जात होता.

परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले की यावर छापू नका. म्हणून मी तेव्हा छापलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या प्रत्येक लेखाखाली एक ओळ येऊ लागली: 'हा कॅमेरा नाशिकच्या हवेत तपासला आहे.' संपादक तिला हवामानाचा अंदाज म्हणायचे. मी ती ओळ कधी काढली नाही. वाफ धरलेला तो कॅमेरा काकांनी घरी खोलून सुकवला आणि पुढे स्वतः तोच वापरला. त्यातल्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग यायचा.

मग रोल गेले, डिजिटल आले. काकांनी तेही शिकून घेतलं, वयाच्या पन्नाशीत, सायबर कॅफेत तासन् तास बसून. त्यात त्यांना काही अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते फोनचं.

फोनमध्ये कॅमेरा यायला लागला तशी त्यांना विचारणारी माणसं कमी झाली. ऑफिसात कुणीही फोन पुढे करायचं आणि म्हणायचं, बघा काका, आता तुमच्या कॅमेऱ्याची काय गरज? काका फोन हातात घेऊन बघायचे आणि परत द्यायचे. वापरलेला नाही, एवढंच म्हणायचे. संपादकांना यात भांडण दिसलं. त्यांनी पहिल्या पानावर चौकट टाकली: कॅमेरा की फोन? आपलं मत एसएमएस करा. दोन दिवसांत ढीगभर एसएमएस आले. काकांनी त्या सगळ्यांची छापील यादी माझ्या टेबलापाशी बसून, पेन्सिल हातात घेऊन वाचली. मग मला विचारलं, यातल्या किती जणांनी फोनमधल्या फोटोची कधी प्रिंट काढून पाहिली असेल? ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

संपादकांनी त्यांना सांगितलं की आता तुम्ही फोनची सालटी काढणारा एक खणखणीत लेख लिहा. शेठनाही तो हवा होता. काउंटरवर गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं होतं. काका म्हणाले की लिहीन, पण महिन्यानं. मी नुकताच कॅमेऱ्याचा फोन घेतला होता. त्यांनी तो मागून घेतला आणि मी महिनाभर माझा जुना, बटणं झिजलेला फोन वापरला.

महिना झाल्यावर ते आले ते दुपारी, ऑफिस रिकामं असताना. फोन माझ्यापुढे ठेवला आणि एक फोटो उघडला. भद्रकालीचा भाजीबाजार. काकू मेथीची जुडी हातात धरून भाजीवालीशी काहीतरी बोलतायत आणि दोघी हसतायत. काकूंचं डोकं मागे गेलंय, तोंड उघडं आहे, पुढचा एक दात पडलाय तो दिसतोय.

"यात फोकस नाही," काका म्हणाले. "मेथी निळी आली आहे. मोठी प्रिंट काढली तर चेहरा ओळखू येणार नाही."

मी फोन जवळ ओढून फोटो पाहिला.

"मी तपासायला म्हणून फोन काढला आणि पाटी द्यायचं विसरलो. ताई, बत्तीस वर्षांत ती माझ्यासमोर अशी हसली नसेल असं नाही. पण माझ्याकडे तसा एकही फोटो नाही. तेवढ्यात कॅमेरा पिशवीतून निघतच नाही."

ते खाली बघत होते. काकूंना दाखवला का, असं मी विचारलं. म्हणाले, दाखवला. ती म्हणाली, हा मी गेल्यावर लावायचा. मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

लेख त्यांनी मला पुढच्या शुक्रवारी देईन म्हणून सांगितलं. त्या शुक्रवारी पान लावायची वेळ झाली तरी पत्ता नाही. शेवटी संध्याकाळी चारच्या सुमारास ऑफिसच्या दारात उभे राहिले, हातात कागद. म्हणाले, लेख तयार आहे, पण आधी शेठना दाखवायचाय, तुम्ही बरोबर चला, तिथूनच घेऊन जा. वाटेत मी चालता चालता वाचला. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना आता छोटा कॅमेरा घ्यायची गरज उरणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. फोनचं भिंग वाईट आहे, तरी येत्या काही वर्षांत ते पुरेसं होईल. आणि माणसाजवळ जे सतत असतं त्यातूनच त्याच्या घरातले खरे फोटो निघतील. सगळी मापं, सगळे फोटो, कुठे काय हरलं आणि कुठे काय जिंकलं, अगदी सरळ मांडलेलं. त्यांच्या सदराचाच तो शेवट होता. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

शेठनी लेख काउंटरमागे उभ्यानं वाचला. पानं उलटताना त्यांचा हात थांबत होता.

"अकरा वर्षं माझ्या काउंटरवरचे कॅमेरे नेलेत तुम्ही," ते म्हणाले.

"हो. म्हणून छापायच्या आधी तुमच्याकडे आणला."

"बदलणार नाही?"

"तपासून लिहिलंय, शेठ. यात कुठे मोजण्यात चूक असेल तर सांगा, ती बदलतो."

शेठनी कागद घडी घालून परत दिले. तेवढ्यात एक तरुण फौजी काउंटरला आला. निफाडकडचा होता, देवळाली कॅम्पातून आता त्याची बदली लांब वर डोंगरात झाली होती. बायको नुकतीच बाळंत झालेली, माहेरी. तिच्यासाठी कॅमेरा हवा होता. शेठ त्याला काही सांगणार होते, पण मग काकांकडे बोट करून म्हणाले, यांना विचारा, यांना सगळं कळतं. ते चांगल्या मनानं म्हटलेलं नव्हतं.

काकांनी त्याची नीट चौकशी केली. तो जिथे जाणार तिथे फोनला रेंज नव्हती. फोटो पाकिटातून पत्राबरोबर जाणार, म्हणजे प्रिंट लागणार, आणि त्या खिशात बाळगून चुरगळल्या तरी चेहरा दिसायला हवा. बायकोच्या घरात वीज जाऊन-येऊन. काका काउंटरच्या मागच्या रांगेपर्यंत वाकले आणि एक साधा, स्वस्तातला डिजिटल कॅमेरा काढून त्याच्या हातात दिला. पुढचा महागडा घेऊ नका म्हणाले, त्याचा फ्लॅश बाळाच्या डोळ्यांना जोरात लागतो. मग बटणं कुठली आणि कशी, ते त्याला कागदावर चित्र काढून दिलं, बायकोला पाठवायला. शेठ उभे राहून बघत होते. बिल करताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

काका बाहेर आले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, जरा थांबा. मांडीवर कागद ठेवून त्यांनी आणखी दोन परिच्छेद लिहिले. पहिल्यात त्या फौजीबद्दल होतं, नाव न घेता. दुसऱ्यात, कुणाकुणाला अजूनही कॅमेराच हवा: लांब राहणाऱ्यांना ज्यांच्या माणसांना कागदावरचाच फोटो पोचतो, ज्यांचे हात कापतात त्यांना, अंधाऱ्या घरांना. आणि असा कॅमेरा विचारपूस करणाऱ्या दुकानातूनच घ्यावा, असं शेवटचं वाक्य. मी शेजारी उभी राहून ते लिहिताना पाहत होते. मावळतीचं ऊन होतं आणि गर्दीत लोक त्यांना वळसा घालून जात होते.

ते दोन परिच्छेद मी कापले.

पान तयार झालं होतं आणि ऐनवेळी खाली जाहिरात आली. संपादक म्हणाले, खालून काप. आमच्या धंद्यात असंच करतात. मजकूर जास्त झाला की खालून कापायचा. मी म्हणू शकले असते की मधलं कापते. म्हणायला दोन मिनिटं लागली असती. मथळाही संपादकांनीच दिला: 'छोट्या कॅमेऱ्याला आता रामराम!' तो मी लावला. उद्गारचिन्हासकट.

रविवारी लेख आला, सोमवारी शेठनी जाहिरात बंद केली, आणि आठवडा संपायच्या आत संपादकांनी सदर बंद केलं. त्यांचं म्हणणं असं की गृहस्थांनी स्वतःच लिहिलंय, आता गरज नाही. त्या जागी वाचकांचे एसएमएस यायला लागले. कुठला फोन झकास, कुठला भंगार. तो मजकूर लोकांना आवडायचा, हे मला मान्य करायला हवं.

काका मंगळवारी आले. मी जे काही ऐकायची तयारी ठेवली होती, त्यातलं ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी मूळ कागद मागितले. मी कपाटातून काढून दिले. शेवटचं पान त्यांनी वेगळं केलं, बाकीचं मला परत दिलं आणि म्हणाले, "छापलंत ते खरं होतं, ताई. पण याच्याशिवाय ते खोटं झालं." मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माफ केल्यासारखी नाही, ऐकलं, एवढीच.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. काकांनी पुन्हा कुठे लिहिलं नाही. मी दोन-तीनदा विचारलं, नंतर विचारायचं सोडलं. त्यांनी सांगितलं होतं ते बऱ्यापैकी तसंच घडलं. शेठच्या दुकानात कॅमेऱ्यांचं काचेचं कपाट अर्धं झालं, मग पाव, आणि बाकीच्या जागेत फोन आले. काकू आजही आहेत, आणि तो निळ्या मेथीचा फोटो त्यांनी काकांना न जुमानता आत्ताच भिंतीवर लावून टाकलाय. माझा तो फोन मी काकांनाच ठेवू दिला. संपादक दुसऱ्या गावी गेले. मी मात्र त्यानंतर कुठलाही लेख खालून कापण्याआधी शेवटापासून वाचते.

पण ते रविवार सांगायचे राहिले.

सदर बंद झालं त्याच्या पुढच्या रविवारी मला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की मायक्रॉन मेन रोडवर उभे आहेत आणि कसले तरी कागद वाटतायत. सांगणारा हसत होता. मी त्या दिवशी गेले नाही. मला लाज वाटली; त्यांची की माझी, ते तेव्हा ठरवलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले.

शेठच्या दुकानाच्या पायरीखाली, फुटपाथवर, काका उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातले ते दोन परिच्छेद, वर एक ओळ: 'गेल्या लेखातील उरलेला मजकूर'. दुकानाकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते एक कागद द्यायचे आणि लेख वाचला होता का, असं विचारायचे. बहुतेकांनी वाचलेला नसायचा. तरी द्यायचे. काही जण पुढे जाऊन टाकून द्यायचे, मग काका जाऊन तो उचलायचे, झटकायचे आणि गठ्ठ्याच्या खाली घालायचे. शेठ आत काउंटरवर होते. त्यांना सगळं दिसत होतं. गेल्या रविवारी त्यांनी बाहेर पाहिलंच नव्हतं म्हणे.

मी समोरच्या बाजूला बराच वेळ उभी होते. बाराच्या सुमारास ऊन थेट फुटपाथवर आलं. काकांनी गठ्ठा डोक्यावर धरला. तेव्हा शेठ आतून उठले, एक स्टूल घेऊन बाहेर आले आणि दुकानाच्या सावलीत, पायरीवर ठेवून आत गेले. काकांनी स्टुलाकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं, आणि जाऊन बसले.

मग मला रस्ता ओलांडता आला. मी त्यांच्या हातातला अर्धा गठ्ठा घेतला आणि पायरीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. त्यांनी घेऊ दिला. माझं अक्षर नव्हतं, माझं मतही नव्हतं, पण कापलं मी होतं. तिसऱ्या की चौथ्या माणसानं कागद वाचला, अगदी शेवटपर्यंत, आणि मला विचारलं की घरात म्हातारे वडील आहेत, हात थरथरतो, तर त्यांना काय घेऊ?

"मला त्यातलं कळत नाही," मी म्हटलं. "ते बसलेत ना, त्यांना विचारा. वेळ लागेल मात्र."

माणूस घड्याळ बघत घुटमळला. मग काकांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. आतून शेठनी दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बसा. उभ्यानं नाही सांगत ते."